भैरू तळ्याकाठी आहे

माझ्या फोनमध्ये ‘मोरघाट’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात आज ४१३ फाइल्स आहेत. एक घाट, घाटाच्या माथ्यावर एक पडका किल्ला, खाली जकात नाका, सात गावं, एक तळं, आणि या सगळ्यात राहणारी, भांडणारी, मेलेली, मेल्यावरही त्रास देणारी माणसं. यातलं काहीही नकाशावर शोधू नका. आम्ही पाच जण कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये २०२२पासून एक आड एक शनिवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो, आणि मी त्या खेळाची डीएम, म्हणजे डंजन मास्टर आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चौघं जण एकेक पात्र घेतात. मी सांगते, ‘समोर दोरखंडाचा पूल आहे, पलीकडे मशाली दिसतायत.’ ते सांगतात, आम्ही काय करतो. जमेल की नाही याची शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. बस्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ छापून आणला. त्यात जिंकणं नसतं, संपणं नसतं. एकच गोष्ट वर्षानुवर्षं चालते, तिला कॅम्पेन म्हणतात. आणि वर्षानुवर्षं चालणारी गोष्ट लक्षात ठेवायची जबाबदारी डीएमवर असते.

ही जबाबदारी काय चीज आहे ते दामू कासारावरून सांगते. तिसऱ्या सेशनमध्ये गिरजाने (आमची चोर, आम्ही एकमेकांना पात्रांच्याच नावाने हाक मारतो) बाजारात एक पातेलं विकत घेतलं आणि सहज विचारलं, ‘काका, नाव काय तुमचं?’ मी काही ठरवलेलं नव्हतं. तोंडात आलं ते सांगितलं, दामू. गिरजाकडे सहा रुके कमी पडत होते. दामू म्हणाला, ‘राहू दे पोरी, पुढल्या खेपेला दे.’ झालं. त्या दिवसापासून तो टेबलावरच्या सगळ्यांचा लाडका. किल्लेदाराच्या सात पिढ्यांचा इतिहास मी तीन रात्री जागून लिहिला होता, तो आजतागायत कुणी विचारलेला नाही. पण अकरा सेशननंतर गिरजाने विचारलं, ‘मी दामूचे किती देणं लागते गं?’ आणि तेव्हा उत्तर तयार असावं लागतं. डीएमने चाचरत ‘पाच का सात?’ म्हटलं की ते जग तिथल्या तिथे पुठ्ठ्याचं होऊन जातं.

म्हणून नोंदी. १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्येच गायगॅक्सने बजावून ठेवलंय की काळाचा हिशेब काटेकोर ठेवला नाही तर कॅम्पेनला अर्थ राहत नाही. त्याच्याकडे कागद होता. आमच्या पिढीकडे अ‍ॅप्स आहेत आणि त्यावरून होणारे वाद आहेत. नोशनवर सुंदर तक्ते होतात, वननोटवर बोटाने नकाशा काढता येतो. मी ऑब्सिडियन वापरते. कारण रोमँटिक नाही. त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे माझ्याच फोनमध्ये राहणारी साधी मजकुराची फाइल असते. नेट नसलं तरी उघडते, आणि उद्या ते अ‍ॅप बंद पडलं तरी माझा मोरघाट माझ्याकडे राहतो. शिवाय दोन चौकोनी कंसांत [[दामू कासार]] लिहिलं की त्या नावाची फाइल जोडली जाते, आणि दामूच्या फाइलमध्ये त्याचा उल्लेख कुठे कुठे आलाय याची यादी आपोआप दिसते. तिला बॅकलिंक्स म्हणतात. पुढे याच यादीने मला एकदा रात्रभर जागवलं, त्याबद्दल नंतर.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्याला मात्र एक जास्तीचं काम पडतं, कारण आपली नावं स्वस्थ बसत नाहीत. दामूला, दामूकडे, दामूच्या इथपर्यंत ठीक आहे, कंस बंद करून पुढे प्रत्यय लिहिला की भागतं: [[दामू]]ला. पण किल्ल्याचं काय करणार? ‘किल्ला’ या शब्दाचं सामान्यरूप झालं की अ‍ॅपच्या लेखी तो वेगळाच शब्द. मग मध्ये उभी रेघ मारून लिहायचं: [[किल्ला|किल्ल्यात]]. डावीकडे फाइलचं नाव, उजवीकडे वाक्यात हवं ते रूप. शोधतानाही तेच. ‘किल्ला’ शोधलं तर ‘किल्ल्यावर’ सापडत नाही, ‘किल्ल’ एवढंच टाकलं की दोन्ही सापडतात. सवयीने बोटांना जमतं. शाळेत सामान्यरूपाचे मार्क कापले जायचे तेव्हा याचा कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

ऑब्सिडियनमध्ये एक ग्राफसुद्धा दिसतो, सगळ्या फाइल्सचे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, आकाशगंगेसारखा. दिसतो फार छान. स्क्रीनशॉट टाकायला उत्तम. खेळताना मी तो एकदाही उघडलेला नाही.

खेळासाठी खरं लागतं ते फार थोडं. माइक शे या डीएमचं ‘रिटर्न ऑफ द लेझी डंजन मास्टर’ नावाचं २०१८चं पुस्तक आहे. त्यातली एक युक्ती मी कायमची उचलली. प्रत्येक सेशनआधी दहा गुपितं लिहायची, एकेका ओळीची, आणि ती कुठे, कुणाकडून कळणार हे ठरवायचंच नाही. प्लेयर जिकडे जातील तिकडे ती हाताशी ठेवायची. यावर मी माझा एक नियम लावते: जे टेबलावर मोठ्याने बोललं गेलं नाही, ते अजून खरं झालेलं नाही. मग ते माझ्या फाइलमध्ये कितीही ठळक अक्षरांत असो.

आणि बोललं गेलं त्याचं काय? त्याच्या आमच्याकडे दोन वह्या आहेत. एक मी ठेवते, ऑब्सिडियनमध्ये. सेशन संपल्यावर त्याच रात्री, तारीख घालून, विशेषणं न लावता: ‘गिरजाने पुलाचा दोर कापला. तिघे पडले. भैरू जखमी.’ दुसरी प्लेयरांची, एका गूगल डॉकमध्ये, ज्याला जे आठवेल, वाटेल ते त्याने तिथे लिहावं. पहिलीला आम्ही शकावली म्हणतो, दुसरीला बखर. नावं गमतीत पडली, पण चपखल बसली. जेधे शकावली वाचलीत तर असंच दिसेल: तिथी, शक, घडलेली गोष्ट, पुढची तिथी. बखरींवरून शिवजन्माचं साल १६२७ धरलं जायचं. १९ फेब्रुवारी १६३० या तारखेला मोठा आधार मिळाला तो या शकावलीतल्या एका कोरड्या ओळीचा. बखरकार बहुधा नंतर लिहायचे, कधी कधी फार लांब बसून. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजीमहाराजांबद्दल लिहिलं ते महाराज गेल्यानंतर, जिंजीत, राजारामांच्या सांगण्यावरून. राजवाड्यांनी पुढे बखरींची सालं तपासून त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली. आणि तरी लोकांच्या तोंडी प्रसंग राहिले ते बखरींतले.

आमच्या पुलाचं तेच झालं. वर्षभराने सगळ्यांना पक्कं आठवत होतं की दोर भैरूने कापला, जखमी असताना, दातांत कट्यार धरून. बखरीत तसं लिहिलंही होतं. शकावली दाखवली तर गिरजा उसळली, ‘बघा! माझा वीस पडला होता!’ यावर निवाडा काय द्यायचा? मी दोन्ही ठेवलं. आता मोरघाटातले शाहीर भैरूने पूल तोडल्याचा पोवाडा गातात, आणि गर्दीत उभी असलेली गिरजा दर वेळी दात-ओठ खाते. यावर आमची निदान तीन सेशन्स रंगली आहेत.

आता भैरूबद्दल.

भैरू खेळणारा माझा शाळेपासूनचा मित्र. ३८व्या सेशनच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. बाबांना स्ट्रोक आला होता, अ‍ॅडमिट केलं होतं, येणं जमणार नव्हतं. खेळात तेव्हा सगळे तळ्याकाठी मुक्कामाला होते. कुणी आलं नाही तर त्याचं पात्र दुसऱ्याने चालवायचं अशी बहुतेक टेबलांवर रीत असते. आमच्या तात्या वैद्याने (खऱ्या आयुष्यात तो बँकेत आहे) भैरूचे फासे हातात घेतले आणि परत ठेवले. म्हणाला, ‘नको. त्याला इथेच राहू दे.’ मग भैरू लंगड्या खेचराची काळजी घ्यायला तळ्याकाठी थांबला आणि बाकीचे पुढे गेले. रात्री शकावलीत शेवटची ओळ लिहिली: ‘भैरू तळ्याकाठी आहे.’

पंधरा दिवसांनी परत तीच ओळ. नंतर परत. बाबांना घरी आणलं, पुन्हा अ‍ॅडमिट केलं. सेशन चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. खेळाच्या दृष्टीने त्या ओळीला काही अर्थ नव्हता, त्या तळ्यावर काहीच घडत नव्हतं. पण शकावली मी दर वेळी ग्रुपवर टाकते, आणि ती ओळ गाळून टाकणं मला जमलं नसतं. हॉस्पिटलमध्ये आम्ही पाळीपाळीने जाऊन यायचो, डबा द्यायचो, ‘काही लागलं तर सांग’ म्हणायचो. त्यावर तो ‘हो’ म्हणायचा. याहून जास्त बोलणं व्हायचं नाही.

बेचाळिसाव्या सेशननंतर एका सकाळी मी बखर उघडली तर तिथे दीड पान नवीन होतं. पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी लिहिलेलं. तळ्याकाठी एक म्हातारी राहते, असं त्यात होतं. ती भैरूला रोज संध्याकाळी भाकरी देते. रात्री तिला झोप येत नाही, त्यालाही नाही. दोघं पलीकडच्या काठावरचे दिवे मोजतात. एखादा विझला की ती म्हणते, ‘झोपला असेल.’ ती त्याला काही विचारत नाही. तू कधी निघणार, हेही नाही.

मी बराच वेळ तो मजकूर वर-खाली करत बसले. म्हातारी माझ्या जगात होती. तिची फाइलही होती, कारण ३७व्या सेशनमध्ये ती प्लेयरांना ओझरती दिसली होती. आणि त्या फाइलमध्ये पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: ‘किल्लेदाराची हेर. ४५ मध्ये उघड होणार.’

माझा नियम तुम्हाला आठवत असेल. हेर असल्याचं टेबलावर बोललं गेलेलं नव्हतं. भाकरीचं मात्र आता लिहिलं गेलं होतं, ते ज्याने लिहिलं त्याने आणि ज्या वेळी लिहिलं त्या वेळी. मी ती ओळ पुसली. पण ओळ पुसून भागणार नव्हतं. तळ्यावरून गुप्त पत्रं जातात हे प्लेयरांना आधीच कळलेलं होतं, मग पत्रं पाठवणारं कुणीतरी हवंच. म्हातारीच्या फाइलचे बॅकलिंक्स काढले, सात निघाले. त्या रात्री सातही फाइल्स एकामागून एक वाचल्या: कोण कधी तळ्याजवळ होतं, कुणाला वाचता-लिहिता येतं, कुणाचा माल किल्ल्यावर जातो. सगळ्या अटींत बसणारा एकच माणूस उरला. गावोगाव भांडी विकत फिरणारा, किल्ल्याच्या कोठीला पातेली पुरवणारा, सगळ्यांना उधार देणारा आणि बोलता बोलता सगळ्यांची खबर काढणारा. मला फार वाईट वाटलं, पण पुरावा माझ्याच हातचा होता.

सकाळी बखरीत त्याच्या मजकुराखाली मी एवढंच लिहिलं: ‘म्हातारीचं नाव काय?’ दुपारी उत्तर आलं: ‘अजून विचारलं नाही.’

त्याचे बाबा गेले. तेराव्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी तो आला. चपला काढल्या, नेहमीच्या जागी बसला, फाशांची पिशवी काढली. काय बोलावं ते कुणाला सुचत नव्हतं, चहा मात्र दोनदा झाला. मग मी नेहमीसारखी शकावली वाचायला घेतली. मागच्या वेळी काय झालं, कोण कुठे आहे. शेवटची ओळ आली, ‘भैरू तळ्याकाठी आहे.’ मी विचारलं, ‘भैरू, काय करतोस?’

तो थोडा वेळ फासा हातात फिरवत राहिला. म्हणाला, ‘उठतो. खेचर चालतंय का बघतो.’

चालत होतं. त्यासाठी मी फासा टाकायला लावला नाही.

दामूचं प्रकरण पुढे ५२व्या सेशनमध्ये फुटलं. हे प्लेयरांना आता माहीत आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. टेबलावर दोन मिनिटं कुणी काही बोलेना. तात्या वैद्याने तर माझ्याशी चक्क भांडण काढलं की हे तू आत्ता बनवलंस, आणि मला फोन उघडून त्याला जुन्या नोंदी दाखवाव्या लागल्या: पत्रं, तारखा, किल्ल्याची कोठी. भैरूला मी म्हातारीच्या फाइलबद्दल कधी सांगितलेलं नाही. हा लेख वाचून कळेल. त्या फाइलमध्ये ‘नाव’ या रकान्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही.

दामूला बांधून नाक्यावर नेत होते तेव्हा गिरजा वाटेत आडवी आली. आता ही काय करणार म्हणून सगळे बघत होते. तिने कमरेची पिशवी सोडली आणि नाणी मोजून त्याच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. शकावलीत त्या रात्रीची नोंद अशी आहे: ‘दामू कासार पकडला गेला. गिरजाने त्याचे सहा रुके फेडले.’