सतीर्थ्य

आयुष्याचीं ३६ वर्षें मुलांना शिकविण्यांत घालविल्यावर मनुष्याच्या वांट्यास एक चमत्कारिक एकाकीपणा येतो, हें सेवानिवृत्त होईपर्यंत मला ठाऊक नव्हतें. वाटेनें जातांना दहा ठिकाणीं "नमस्कार, गुरुजी" असें ऐकूं येतें. हात जोडले जातात. परंतु हात जोडणारा दोन पावलें मागें सरूनच ते जोडतो. शिष्य पुष्कळ, पण ज्याच्याशीं निष्कारण बोलत बसावें असा स्नेही एकही नाहीं, अशी माझी स्थिति झाली होती. ती पालटली कशी, हें वाचकांस सांगावें असें बरेच दिवस मनांत आहे. तें सांगावयाचें तर एका जुन्या मोटारीची हकीकत सांगणें भाग आहे. आणि मोटारींविषयीं मला त्या वेळीं कांहींएक कळत नव्हतें, हें आरंभींच कबूल करतों.

आमचें घर मुळशी तालुक्यांत, पौडच्या जवळ. तीर्थरूपांपाशीं मी संस्कृत शिकलों, मॅट्रिक झालों आणि शाळेंत शिक्षक म्हणून लागलों. माझे वडील बंधु, त्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणत असूं, हे वैद्य. त्यांनीं १९८१ सालीं पुण्याच्या एका वकिलांकडून १९६८ सालची फियाट 'डिलाइट' विकत घेतली. त्या काळीं नव्या मोटारीसाठीं पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे; म्हणून जुनी घेतली. आमच्या तालुक्यांतला पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांना त्या मोटारीचें मोल सांगावयास नको. आषाढांतल्या मध्यरात्रीं अडलेल्या बाया, साप चावलेलीं माणसें, तापानें फणफणलेलीं मुलें तिच्यांतून पुण्यास पोंचलीं आहेत. अण्णा मला पुष्कळदां म्हणत, "अरे, चालवायला शीक. एखाद्या रात्रीं मीच आजारी पडलों तर?" मी हंसून म्हणें, "माझें शिकायचें वय गेलें, अण्णा. मी आतां शिकविणारा." २०१४ सालीं अण्णा वारले, आणि मोटार गोठ्याच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्यें जी उभी राहिली ती राहिलीच.

आठ पावसाळे गेले. पुतण्या म्हणे, "काका, भंगारांत देऊन टाकूं, जागा तरी मोकळी होईल." वहिनी कांहीं बोलत नसत, परंतु गोठ्याकडे जातांना त्या शेडच्या अंगाची वाट टाळून वळसा घेऊन जात, हें माझ्या ध्यानांत आलें होतें.

जुलै २०२२ मधील एका रविवारीं पौडच्या रस्त्यानें ताम्हिणीकडे निघालेल्या सात-आठ जुन्या मोटारी आमच्या घरासमोर थांबल्या. त्यांतल्या एकीचें पाणी उकळत होतें. पुढचीं दारें उलट बाजूनें उघडणारी ती फियाट. लोकांनीं तिला 'डुक्कर फियाट' असें नांव ठेवलें होतें, आणि आजहि तिचे मालक तें लाडानेंच घेतात. मी लगबगीनें कळशी भरून नेली. एक दाढीवाले वृद्ध मिस्त्री माझा हात धरून म्हणाले, "थांबा, गुरुजी. तापलेल्या इंजिनांत गार पाणी ओतलें तर त्याला तडा जातो. आधीं त्याला शांत होऊं द्या." ह्या मंडळींकडून मिळालेला हा माझा पहिला पाठ. रागावलेल्या मुलाच्या बाबतींतहि हाच नियम आहे, हें मला शाळा सोडल्यावर एका मिस्त्र्यानें शिकवावें!

इंजिन निवेपर्यंत बोलणें निघालें, आणि मीं सहज शेडमधल्या मोटारीचा उल्लेख केला. सर्व मंडळी भर पावसांत तिकडे आली. मोटारीची दशा पाहवत नव्हती. तळाचा पत्रा गंजून हातानें तुटत होता. मागच्या बैठकींत उंदरांनीं घर केलें होतें. आजवर जो जो तिला पाहावयास आला त्यानें "किती येतील?" एवढेंच विचारलें होतें. ह्या मंडळींत एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनीं विचारलें, "कोणाची?" त्या एका प्रश्नानें माझा कंठ दाटून आला. मीं अण्णांविषयीं सांगूं लागलों तों अर्धा तास गेला, आणि कोणीहि घड्याळाकडे पाहिलें नाहीं.

पुढच्या रविवारीं त्यांच्यापैकीं तिघे आले. त्याच्या पुढच्या रविवारीं पांच. चाकणच्या कारखान्यांत आठवडाभर नव्या मोटारी तयार करणारा एक तरुण इंजिनिअर, बँकेंतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्या डॉक्टरीणबाई, मुंबईस तीस वर्षें टॅक्सी चालवून आतां मुलाकडे पिरंगुटला राहणारे एक काका, आणि नाना पेठेच्या एका बोळांत गॅरेज असलेले ते मिस्त्री. आपल्या समाजांत पहिल्या भेटींत आडनांव, दुसऱ्या वाक्यांत मूळ गांव आणि तिसऱ्यांत कोणाचे कोण हें विचारल्यावांचून ओळख पुरी होत नाहीं. येथें कित्येक महिने मला कोणाचें आडनांव ठाऊक नव्हतें. बँकेचे गृहस्थ 'सुपर सिलेक्ट' म्हणून ओळखले जात, आणि मी 'अडुसष्टची डिलाइट' झालों. गुरुजी ह्या उपाधीवांचून कोणीं मला हांक मारण्याचा प्रसंग फार वर्षांनीं आला. तो मला आवडला.

ह्या मोटारीचा इतिहास मला टॅक्सीवाल्या काकांनीं सांगितला. सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यांत आधीं अमेरिकन गाड्या जुळविल्या जात, आणि मग इटलीच्या फियाट कंपनीशीं करार होऊन ही १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची लहान मोटार आली. तिचींच पुढें रूपें बदलत गेलीं, आणि १९७० नंतरच्या दशकांत तिचें नांव 'पद्मिनी' झालें. काळ्या-पिवळ्या रंगांत तिनें मुंबईला दोन पिढ्या वाहून नेलें. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, वीस वर्षांची मुदत संपून, शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्यानंतरच्या रविवारीं काका आले, पण दिवसभर एक अक्षर बोलले नाहींत. कोणीं त्यांचें सांत्वनहि केलें नाहीं. मिस्त्र्यांनीं एक पाना त्यांच्या हातीं दिला आणि म्हटलें, "हा नट जरा बघा हो, मला सुटत नाहीं." तो नट सैलच होता, हें मीं पाहिलें होतें.

काम दीड वर्ष चाललें. इंजिन आखडून बसलें होतें. प्लग काढून त्या भोकांवाटे तेल सोडलें, पंधरा दिवस तसेंच ठेवलें, आणि मग हातानें थोडें थोडें फिरवून तें सोडविलें. ब्रेकच्या सिलिंडरांतलें रबर कुजलें होतें. पेट्रोलच्या नळ्या साऱ्याच बदलाव्या लागल्या. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें, तें जुन्या रबराला खातें, असें त्या तरुणानें मला समजावून दिलें. डायनॅमो मंगळवार पेठेंतल्या जुन्या बाजारांत मिळाला. त्यासाठीं कितीतरी बुधवार नि रविवार खर्ची पडले. सुटे भाग रॉकेलमध्यें धुवून, पुसून, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून ठेवण्याचें काम माझ्याकडे होतें. अक्षर चांगलें असल्याचा एवढाच काय तो उपयोग!

आतां एक गोष्ट सांगावयाची आहे, ती सांगतांना आजहि मान खालीं जाते. मिस्त्र्यांनीं पेट्रोलचा पंप दुरुस्तीसाठीं नेला तो महिना उलटला तरी आला नाहीं. दोनदां विचारलें, "होईल, होईल," म्हणाले. मूळचा पंप दुर्मिळ असतो आणि त्याला किंमत येते, हें तोंवर मला कळूं लागलें होतें. अर्धवट ज्ञान आणि छत्तीस वर्षांची छडी! एका रविवारीं सर्वांदेखत मीं म्हटलें, "पंप आहे ना जागेवर? कीं गेला कोठें?" ते कांहीं बोलले नाहींत. हात पुसले आणि निघून गेले. बाकीच्यांनींहि मला दोष दिला नाहीं. मात्र त्या दिवशीं चहा कोणीं घेतला नाहीं.

तीन दिवसांनीं टॅक्सीवाल्या काकांकडून मला कळलें, कीं पंपाच्या आंतला पडदा पुण्यांत कोठेंहि मिळेना, म्हणून मिस्त्री स्वखर्चानें दोनदां कुर्ल्यास जाऊन आले होते, दुसऱ्या खेपेस तो मिळालाहि होता, आणि हें कोणाला सांगावयाचें नाहीं असें त्यांनीं बजावलें होतें, कारण "गुरुजी पैसे काढून देतील, आणि पेन्शनीवर घर चाललें आहे."

दुसऱ्या दिवशीं मी एस. टी. नें पुण्यास गेलों. नाना पेठेंतला तो बोळ शोधून काढला आणि गॅरेजच्या दारांत उभा राहिलों. शाळेंत मुलांकडून मीं "चुकलों" हा शब्द शेंकडों वेळां वदवून घेतला असेल. तो स्वतः उच्चारावयास किती जड असतो, हें त्या उंबऱ्यावर कळलें. तो शब्द मीं उच्चारला. मिस्त्र्यांनीं स्टूल पुढें केलें, आणि पंप उघडून तो नवा पडदा कसा बसविला आहे तें मला दाखवूं लागले. त्या दिवसापासून आमचा स्नेह जडला असें मी समजतों. त्यापूर्वीं होती ती नुसती ओळख.

पुढच्या रविवारीं ते पुन्हां आले. आमच्या घरची एक जुनी रीत येथें लपवून उपयोग नाहीं. तीर्थरूपांच्या वेळेपासून अशा पाहुण्यासाठीं एक वेगळा कप ओसरीच्या खिडकींत ठेवलेला असे. कोणीं ठरविलें नव्हतें, कोणीं मोडलेंहि नव्हतें. आणि मी इतका शिकला-सवरलेला, दीड वर्ष तो कप पाहत होतों. त्या दिवशीं वहिनी बाहेर आल्या. त्यांनीं तो कप उचलून कुंड्यांच्या बाजूस ठेवला आणि म्हणाल्या, "मिस्त्री, हात धुवा आणि आंत या. पानें घेतलीं आहेत." सर्वांबरोबर ते आमच्या माजघरांत जेवले. वहिनींनीं मला एका शब्दानेंहि विचारलें नाहीं, हें किती बरें झालें!

डिसेंबर २०२३ मध्यें मोटार चालूं झाली. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपांत राखलेल्या मोटारींसाठीं सरकारनें २०२१ सालीं वेगळी नोंदणी ठरविली आहे. परंतु तशी मोटार प्रदर्शनें, फेऱ्या अशा कारणांवांचून रस्त्यावर काढतां येत नाहीं. बँकेच्या गृहस्थांनीं सर्व नियम वाचून दाखविले. वहिनी म्हणाल्या, "प्रदर्शनाला कशाला? ती औषधाला, देवाला जाणारी गाडी." म्हणून विलंबाचा दंड भरून, तपासणी करून घेऊन, जुनीच नोंदणी पांच वर्षांसाठीं पुढें चालूं केली.

पहिल्या दिवशीं मुळशी धरणाकडे जावयाचें ठरलें. टॅक्सीवाले काका चालवावयास बसले. वहिनींसाठीं सर्वांनीं पुढची जागा पुसून-झाडून ठेवली होती. त्या आल्या, क्षणभर थांबल्या आणि मागचें दार उघडून बसल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढें बसा ना, वहिनी." त्या म्हणाल्या, "पुढें रोगी बसे. मी नेहमीं इथेंच." वाटेंत त्या कांहीं बोलल्या नाहींत. धरणाच्या कांठीं उतरल्यावर त्यांनीं दाराच्या मुठीवरून एकदां हात फिरविला, एवढेंच. परततांना मात्र त्यांनीं काकांना सांगितलें, "त्या वळणावर ते हॉर्न देत." आणि काकांनीं तो दिला. आतां गोठ्याकडे जातांना वहिनी शेडच्या अंगावरूनच जातात.

गेल्या पावसाळ्यांत मी तीन आठवडे तापानें अंथरुणाला खिळलों होतों. माझ्या शिष्यांनीं फोनवर चौकशी केली. त्यांच्या भक्तीविषयीं मला शंका नाहीं. परंतु डॉक्टरीणबाई एक दिवसाआड येत, इंजिनिअर रात्रपाळी करून थेट येई, आणि मिस्त्री आपल्या जुन्या स्कूटरवरून पावसांत भिजत येऊन उशाशीं नुसते बसत. कशासाठीं आलांत, असें विचारण्याचें कारण उरलें नव्हतें.

एकाच गुरूपाशीं शिकणाऱ्यांना संस्कृतांत 'सतीर्थ्य' म्हणतात. तीर्थ म्हणजे येथें गुरु. ह्या शब्दासाठीं पाणिनीनें एक स्वतंत्र सूत्र दिलें आहे. तें मीं लहानपणीं तीर्थरूपांसमोर पाठ केलें होतें, पण मला सतीर्थ्य असे कधीं लाभलेच नाहींत; मी फार लौकर गुरूच्या आसनावर जाऊन बसलों. त्या गंजलेल्या मोटारीपुढें आम्ही सारेच विद्यार्थी होतों. तिच्यापुढें कोणाचें वय, जात, विद्या चालत नव्हती. जें येत नाहीं तें "येत नाहीं" म्हणावें लागे, आणि दुसऱ्यास विचारावें लागे. ज्याला विचारावयाची गरजच पडत नाहीं त्याच्या दारांत स्नेही कसा यावा?

असो. वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं मीं मोटार चालविण्याचा शिकाऊ परवाना काढला आहे. परीक्षेच्या खोलींत माझ्या एका विद्यार्थ्याचा मुलगा शेजारीं बसला होता. त्याला माझ्यापेक्षां एक गुण जास्त मिळाला. टॅक्सीवाले काका दर रविवारीं शिकवावयास येतात. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली ही मोटार शिकावयास अवघड, असें सर्व म्हणतात. दुसरा गिअर अजून मला नीट पडत नाहीं. काका रागावतात, आणि मी ऐकून घेतों.