भाचेराव, पहिलं सॉफ्टवेअर कोणतं?

बारामती, रविवार

चि. भाचेराव यांस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप ताईकडून कळला. उसाचं बिल जमा झालं की त्यातले थोडे पैसे तुला मिळणार आहेत आणि त्यात डीजेचं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हे मामाला विचार, असं तू सांगितलंस. फोनवर हे नीट सांगून होणार नाही. शिवाय पत्र जवळ ठेवून पुन्हा वाचता येतं, म्हणून सविस्तर लिहितो.

सॉफ्टवेअरची नावं बघण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचार. तू काय वाजवणार, कुठे वाजवणार आणि अडलास तर शेजारी कोण बसणार? तुझ्या निमगाव केतकीत, इंदापुरात, इकडे बारामतीत काम मिळतं ते हळदीचं, वरातीचं, वाढदिवसाचं, जयंतीचं, गणपतीच्या मिरवणुकीचं. बेस, टॉप, ॲम्प्लिफायर, जनरेटर आणि गाडी हे सगळं मालकाचं असतं. तू जाणार ऑपरेटर म्हणून, पाठीवर लॅपटॉप घेऊन. पुण्यात क्लबमध्ये वाजवायचं तर गणित निराळं. तिथे टेबलावर पायोनियरचे प्लेअर मांडलेले असतात आणि वाजवणारा खिशातून पेनड्राइव्ह काढतो. या दोन कामांची तयारी एकसारखी नाही.

आता एकेक नाव घेऊ. आपल्याकडच्या ऑपरेटरांच्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा दिसतं ते व्हर्च्युअल डीजे. घरी माउस-कीबोर्डवर शिकण्यापुरतं ते फुकट आहे. पैसे घेऊन कार्यक्रम करायचा तर परवाना विकत घ्यावा लागतो. त्याची मोठी जमेची बाजू म्हणजे अडलं की सांगणारा माणूस तालुक्यात सापडतो. सेराटो न्यूझीलंडचं. त्याची लाइट आवृत्ती फुकट मिळते आणि स्वस्तातल्या बऱ्याच कंट्रोलरांसोबत, म्हणजे सॉफ्टवेअर हाताने चालवायच्या चाकं-बटणांच्या यंत्रांसोबत, तीच चालते. मांडणी सुटसुटीत आहे, नवख्या माणसाचा गोंधळ होत नाही. रेकॉर्डबॉक्स हे मूळचं पायोनियर डीजेचं. गाणी तयार करून पेनड्राइव्हवर घ्यायची आणि क्लबच्या प्लेअरला लावायची, एवढ्या कामासाठी ते फुकट आहे, म्हणून पुण्याकडे डोळा असेल तर ते शिकावंच लागेल. बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं ट्रॅक्टर चांगलं आहे, पण आपल्या भागात ते शिकवणारा मिळणं अवघड. आणि मिक्सक्स. नावात शेवटी इंग्रजी एक्स तीनदा येतो, शोधताना तेवढं लक्षात ठेव. ते २००१ पासून जगभरच्या हौशी लोकांनी मिळून वाढवलं आहे, पूर्ण मोफत आहे. विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर चालतं आणि रेकॉर्डिंगसकट त्यातली एकही सोय पैशांसाठी अडवून ठेवलेली नाही.

तुझे मित्र एफएल स्टुडिओचं नाव घेतात, असं ताई म्हणाली. ते रिमिक्स बनवायचं सॉफ्टवेअर आहे. कार्यक्रमात एका गाण्यातून दुसऱ्यात जायला ते नाही. पुढे रिमिक्स करावंसं वाटलं तर जरूर शीक, पण दोन्ही एकदम हातात घेऊ नकोस.

आता खरी मेख सांगतो. डीजेची ही सगळी सॉफ्टवेअरं गाणं तपासतात, त्याची लय बीपीएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती ठोके यात, काढतात आणि प्रत्येक ठोक्यावर एक उभी रेघ मारतात. या रेघांच्या जाळीला बीटग्रिड म्हणतात. सिंक बटण दाबल्यावर दोन गाण्यांच्या रेघा एकमेकींवर बसतात. संगणकावर बनवलेल्या गाण्यात हे चोख जमतं. पण जुनी लावणी घे, जुनं भीमगीत घे, हलगीवरचं गाणं घे. तिथे माणसं समोरासमोर बसून वाजवत होती. ढोलकीवाला रंगात आला की लय चढते, गाणारा तान घेतो तिथे ती किंचित सैल पडते. समज, १२० बीपीएमच्या गाण्यात अंदाज फक्त अर्ध्या बीपीएमने चुकला, तर एका मिनिटात रेघ अर्धा ठोका सरकते. म्हणजे इकडे ठोका पडतो तेव्हा तिकडे दोन ठोक्यांमधली मोकळी जागा असते. बेसवर हा घोटाळा शंभर फुटांवरूनही कळतो आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. सहा मात्रांच्या ठेक्याची गाणी तर सॉफ्टवेअर बऱ्याचदा चुकीची मोजतं. कधी लय दुप्पट दाखवतं, कधी निम्मी.

म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर उघडलंस की पहिल्यांदा एक परीक्षा घे. आपल्या घरातलं एक जुनं ढोलकीचं गाणं त्यात टाक, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी रेघा ठोक्यावर आहेत का ते पाहा, आणि नसतील तर त्या हाताने सरकवता येतात का ते शोध. पहिला ठोका कुठला हे तुला स्वतःला दाखवता आलं पाहिजे. त्यानंतर सिंक बंद करून कानाने जुळव. सिंक वापरण्यात कमीपणा काही नाही, पण जुन्या गाण्यांना ते दगा देतं आणि आपल्याकडे जुनं गाणं लावल्याशिवाय मांडव हलत नाही.

दुसरी परीक्षा लॅपटॉपची. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि लॅपटॉप ते गठ्ठ्यागठ्ठ्याने पुढे पाठवतो. गठ्ठा ५१२ नमुन्यांचा ठेवला तर आवाज सुमारे १२ मिलिसेकंद उशिरा येतो, १०२४चा ठेवला तर सुमारे २३. गठ्ठा लहान ठेवावा तर जुना लॅपटॉप धापा टाकतो आणि आवाज तडतडतो. मोठा ठेवावा तर हात आणि आवाज यांत अंतर पडतं. हल्ली चालू गाण्यातून गायकाचा आवाज आणि वाद्यं वेगळी करण्याची सोय निघाली आहे, तिला स्टेम्स म्हणतात. मुलं तिच्यावर लुब्ध आहेत. पण तिला दमदार मशीन लागतं. तुझ्या जुन्या लॅपटॉपवर ती सुरू करून भर वरातीत आवाज तुटला, तर पुढचं काम मिळणं कठीण. तुझा लॅपटॉप जे सुरळीत पेलतो ते तुझं सॉफ्टवेअर.

गाणी इंटरनेटवरून थेट वाजवण्याची सोयही काही सॉफ्टवेअरात आहे. घरी ऐकायला ठीक आहे. रानातल्या वस्तीवर मांडव असेल, गर्दीतला प्रत्येक जण मोबाइल वापरत असेल, तिथे रेंजच्या भरवशावर राहू नये. सगळी गाणी लॅपटॉपमध्ये हवीत आणि त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर हवी.

क्रॅक सॉफ्टवेअर मात्र घेऊ नकोस, हे मी मामा म्हणून बजावतो. ते घालताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळं आलं. अपडेट मिळत नाही, बिघडलं तर विचारायची सोय नाही आणि मध्येच बंद पडलं तर नवरदेवाच्या वडिलांना उत्तर तुलाच द्यावं लागतं. शिवाय आपण रात्रभर राबल्यावर कुणी बिदागी बुडवली तर आपल्याला राग येतो ना? ज्यांनी हे बनवलं त्यांचीही ती मेहनतच आहे. फुकट आणि कायदेशीर असं हाताशी असताना चोरीचं वापरायचं कारण नाही.

आता सर्वांत जास्त वेळ जिथे द्यायचा ते सांगतो, गाण्यांचा साठा. एकशे अठ्ठावीस केबीपीएसची एमपीथ्री मोबाइलवर बरी वाटते, पण अठरा इंची बेसवर आणि टॉपवर तिचा पोकळपणा उघडा पडतो. तीनशे वीसची पाच मिनिटांची फाइल साधारण १२ एमबीची होते, म्हणजे हजार गाण्यांना १२ जीबी. आजच्या पेनड्राइव्हला हे काहीच नाही. दुसऱ्यांची रिमिक्स उतरवून घेशील तर त्यात मधूनच त्या डीजेच्या नावाची आरोळी असते. तुझ्या कार्यक्रमात भलत्याचंच नाव दणाणेल. त्यापेक्षा मूळ गाणी विकत घे.

प्रत्येक गाण्याचं नाव, गायक, लय आणि प्रसंग नीट लिहून ठेव. हळद, वरात, जयंती, जेवणावळीच्या वेळची मंद गाणी असे वेगळे फोल्डर कर. ही माहिती शक्यतो गाण्याच्या फाइलमध्येच लिही, म्हणजे सॉफ्टवेअर बदललं तरी ती सोबत येते. क्यू पॉइंट, म्हणजे गाण्यात कुठून उडी घ्यायची त्या खुणा, प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीने साठवतं आणि त्या सहजी दुसरीकडे जात नाहीत. म्हणूनच मी तुला म्हणतो, जे सॉफ्टवेअर तुझी मेहनत स्वतःजवळ अडकवून ठेवत नाही ते आधी घे. मिक्सक्सला सेराटोचा साठा आणि रेकॉर्डबॉक्सने पेनड्राइव्हवर घेतलेला साठा वाचता येतो, हा त्याचा मोठा गुण.

गाण्यांची चढण कशी बांधायची हे मात्र कुठलंच सॉफ्टवेअर शिकवत नाही. त्यासाठी तुला लांब जावं लागणार नाही. तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, अंथुर्णे करत तुमच्या निमगावात मुक्कामाला येते. या वेळी एखाद्या दिंडीमागे मृदंगाजवळ चालत राहा. अभंग सावकाश सुरू होतो, टाळकरी आधी पावलं जुळवतात, मग लय एकेक पायरी वर जाते आणि माणसं उड्या मारू लागली की वाजवणारा ती थोडा वेळ तिथेच धरून ठेवतो. नंतर त्यांना दम घेऊ देतो. हे नुसतं ऐकायचं, रेकॉर्ड करून मिरवणुकीत वाजवायचं नाही. दीड तास सतत वरच्या लयीत वाजवणाऱ्याला हे कळलं तर त्याची गर्दी अर्ध्यातच पांगणार नाही.

आवाजाबद्दलही आत्ताच सवय लाव. सॉफ्टवेअरचा मीटर लाल होऊ देऊ नकोस. लाल झाला की आवाज फाटतो आणि टॉपचा डायफ्राम जळू शकतो, मालकाचा खर्च होतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे सरकारने खास सूट दिलेले दिवस सोडले तर रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती निदान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. कुणी कितीही गळ घातली तरी १० वाजता हात थांबला पाहिजे. आणि तुझे कान हे तुझं पहिलं यंत्र. शंभर डेसिबलमध्ये पाव तासाच्या वर राहणं कानाला धोक्याचं मानतात, तेव्हा गाडीजवळ उभा राहताना इअरप्लग घालत जा. घरी सराव हेडफोनवर, हळू आवाजात.

माझा निर्णय असा. आज मिक्सक्स उतरवून घे, एक पैसा खर्च करू नकोस. एक साधं यूएसबी साउंड कार्ड तेवढं आण. लॅपटॉपच्या आउटवर स्पीकर, कार्डावर हेडफोन, म्हणजे पुढचं गाणं बाहेर न ऐकवता आधी कानात जुळवता येईल. शेजारच्या ऑपरेटरकडे व्हर्च्युअल डीजे असेल तर त्याच्याजवळ बसून पाहा. एक पक्कं शिकलं की दुसरं हातात बसायला वेळ लागत नाही, कारण डेक, क्रॉसफेडर, ईक्यू, लूप हे सगळीकडे तेच. कंट्रोलर मात्र घाईने घेऊ नकोस. कुठला कंट्रोलर घेतला यावर पुढचं सॉफ्टवेअर बरंचसं ठरतं. पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ रेकॉर्डबॉक्सवरही चालतो आणि सेराटोवरही, म्हणून पुण्याची वाट मोकळी ठेवायची असेल तर तो विचारात घेऊ.

दिवाळीला येशील तेव्हा तासाभराचं रेकॉर्डिंग घेऊन ये. त्यात निदान एक लावणी आणि एक हलगीचं गाणं असू दे, आणि त्यांच्या आधीचा नि नंतरचा सांधा सिंकशिवाय जुळवलेला असू दे. आपण दोघं बसून ते सगळं ऐकू, कुठे लय निसटली ते काढू. मग कंट्रोलरचे पैसे कमी पडले तर वरचे मी घालीन.

ताईला नमस्कार, दाजींना नमस्कार सांग. कॉलेज बुडवू नकोस.

तुझा,
मामा