लोनवाली असन!

नको असलेल्या फोनवर आपण शहरातले लोक नुसते वैतागतो. 'नॉट इंटरेस्टेड' म्हणायचं, कट करायचं, पुन्हा कोडमध्ये डोकं घालायचं. आपलं फारसं काही जात नाही. पण गावाकडे जातं. कसं ते सांगतो.

माझे बाबा गुरुकुंज मोझरीला राहतात. तुकडोजी महाराजांच्या आश्रमाचं गाव, अमरावती-नागपूर हायवेवर. दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय धाडायचं नाही, हा घरचा शिरस्ता. तो बाबांनी फोनलाही लावला. पर्सनल लोनवाली पोरगी पाठ केलेलं बोलायला लागली की हे विचारणार, "कुठली व्हय तू माय? जेवन झालं काय तुह्यं?" मग कपाशीचा भाव, पाऊसपाणी... शेवटी तीच बिचारी फोन ठेवायची!

पुढे फोन वाढले. क्रेडिट कार्ड, विमा, मिहानजवळचे प्लॉट. आश्रमात सामुदायिक प्रार्थनेला बसले तरी खिशात थरथर. कंटाळून त्यांनी अनोळखी नंबर उचलणंच सोडलं. "लोनवाली असन," म्हणायचे.

आत्या गेली त्या दिवशी चुलतभावाच्या फोनची बॅटरी संपली होती. त्यानं दवाखान्यातल्या कुणाच्या तरी फोनवरून चार वेळा लावला. बाबांनी उचलला नाही. ते पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

असो. तर मुद्दा असा, की नियम नाहीत असं नाही. २००५ साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००७ मध्ये 'डू नॉट कॉल'ची नोंदवही आली, नोंदणीसाठी १९०९ नंबर. २०१८ च्या ट्रायच्या नियमांनी जाहिरात करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली. त्यांच्या कॉलसाठी १४० नं सुरू होणारे नंबर, तर बँकांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० वाले.

मग बाबांना साध्या दहा आकडी मोबाईलवरून फोन का येतात? तीच तर गोम आहे! १९०९ वर नोंदणी केली की नोंदणीकृत जाहिरातवाले थांबतात, ओटीपी वगैरे येत राहतात. पण साधं सिम घेऊन धंदा करणारा त्या यादीतच नसतो. त्याला अडवायचा आपल्या हातातला मुख्य मार्ग म्हणजे तक्रार. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनुसार अशा नंबरवर दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई होऊ शकते. तक्रारीला सात दिवसांची मुदत, आणि डीएनडीत नाव असायलाच हवं असंही नाही.

म्हणजे ही सिस्टीम बरीचशी चालते तक्रारींच्या इनपुटवर. आपण शिवी हासडून कट करतो, ती कुठेच मोजली जात नाही. तोच नंबर दुपारी दुसऱ्या कुणाच्या तरी बाबांना लागतो.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा १९०९ वर नोंदणी केली, ट्रायचं डीएनडी ॲप टाकून दिलं. बाबांनी त्यासाठी चक्क वही घातली : नंबर, तारीख, काय विकत होते. रात्री जेवण झालं की चष्मा लावून तक्रारी करत बसतात. फोन थांबले नाहीत, पण कमी झाले. मुख्य म्हणजे ते आता पुन्हा अनोळखी नंबर उचलतात.

परवा विचारलं, त्रास नाही का होत? तर म्हणाले, "होते ना बावा. पन कोनाचं काय काम असन, काय सांगता येते?"