डॉक्टर पाहावा शोधून

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना मुलांचा डॉक्टर शोधावा लागला नसावा. नाहीतर म्हणीला तिसरा चरण नक्की जोडला गेला असता. त्यांच्या वेळी वेखंड उगाळायचे, बाळगुटी द्यायची आणि बाकीचे देवावर सोपवायचे. परळचे वाडिया मुलांचे रुग्णालय निघाले तेच मुळी १९२९ साली. कोकणातल्या पोराने बोटीने तिथवर पोचायचे म्हणजे साधा आजार वाटेतच कंटाळून उतरून जायचा.

आमचे मिरजोळे आता पुढारलेले आहे. विमानतळ आहे, एम.आय.डी.सी. आहे. पण रात्री पोराला ताप भरला की विमान उपयोगी पडत नाही, रिक्षाच पकडून रत्नागिरी गाठावी लागते. बरे, तिथे कोणाकडे जायचे? बँकेत मी नुसते 'बंड्याला सर्दी झालीय' म्हणालो, तर कॅशियरपासून शिपायापर्यंत प्रत्येकाने एकेक डॉक्टर पुढे केला. कर्जाला जामीन राहा म्हटले असते, तर यातला एकही जागेवर सापडला नसता!

पहिल्या डॉक्टरांकडे खेळण्यांचे भरलेले कपाट होते, पण आमच्या लॉकरसारखे कुलूपबंद. बंड्याकडे न बघता त्यांनी सहा औषधे लिहिली. आई खूश झाली. यादी लांब तेवढा डॉक्टर मोठा, असा तिचा हिशेब! दुसऱ्यांना मी एक शंका विचारली, तर ते म्हणाले, "डॉक्टर तुम्ही की मी?" काउंटरवर असे काही बोलण्याची इच्छा मी वीस वर्षे दाबून ठेवली आहे, त्यामुळे मला त्यांचा हेवा वाटला. पण पुन्हा गेलो नाही.

तिसऱ्यांनी आधी बंड्याला त्याचे नाव विचारले. मग त्याला आईच्या मांडीवरच बसवले, सदरा वर केला आणि घड्याळ समोर धरून मिनिटभर त्याच्या पोटाकडे नुसते बघत बसले. मी बोलायला गेलो, तर हाताने गप्प केले. नोटा मोजताना आमचा कॅशियर करतो, अगदी तसे.

"चौतीस," ते म्हणाले. "ठीक आहे."

ते श्वास मोजत होते! मग त्यांनी समजावून सांगितले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, वर्षाच्या आत पन्नास आणि पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस झाले, तर सावध व्हायचे. पोर रडत नसताना मोजायचे. सर्दी विषाणूंमुळे होते आणि ते प्रतिजैविकांना भीक घालत नाहीत. तेव्हा ते औषध नको, पेज द्या, पाणी पाजा. मात्र श्वास वाढला, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाऊ लागली, पिणे थांबले किंवा गुंगी आली, तर सकाळची वाट बघायची नाही.

घरी आईने हिशेब मागितला. "रिक्षाचे पैसे, डॉक्टरची फी, आणि औषध काय, तर पेज? ती मी फुकट सांगितली असती!" हिने मात्र ते आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले.

पुढच्याच पावसाळ्यात एका रात्री बंड्याला ताप आला. बाहेर धुवांधार पाऊस, वीज गेलेली. ही म्हणाली, "अहो, याचं पोट बघा कसं हलतंय." मोबाइलच्या उजेडात मी मोजले. बावन्न. पुन्हा मोजले. चोपन्न. एरवी दोन मोजण्यांत फरक आला की मी वैतागतो. त्या रात्री दोन्ही आकडे चाळिसाच्या वर आहेत, एवढे पुरे होते. जन्मभर लोकांच्या नोटा मोजल्या, पण मोजताना हात असा कधी थरथरला नव्हता.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एवढेच विचारले, "किती आले?" आणि म्हणाले, "निघा, मीही पोचतो."

न्यूमोनिया निघाला. तीन दिवस ऑक्सिजन आणि इंजेक्शने. या वेळी त्यांनी प्रतिजैविक दिले, कारण या वेळी त्याला काम होते. चौथ्या दिवशी बंड्याने पेज नाकारून बिस्कीट मागितले, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

हल्ली आळीत कोणाचे पोर खोकले की आई चष्मा लावून घड्याळ घेऊन हजर होते. आणि मला कोणी 'चांगला डॉक्टर सांगा' म्हणाले, तर मी नाव सांगत नाही, खूण सांगतो. भिंतीवरच्या पदव्या मोजू नका. तो तुमच्या पोराकडे एक मिनिट गप्प बसून बघतो का, तेवढे बघा. एक मिनिट म्हणजे काय मोठेसे, असे तुम्ही म्हणाल. पण आमच्या काउंटरवर तेवढे कोणी कोणाला देत नाही, हे मी आतल्या गोटातून सांगतो.