तेलाची वाट

मोटारगाडीचें नांव काढलें कीं तिचा रंग, तिचीं चाकें आणि तिचा वेग हींच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. तिच्या पोटांतून तेल कोणत्या वाटेनें फिरतें याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं, आणि करावी तरी कां? गाडी सुरळीत चालते तोंवर ती वाट दिसत नाहीं. आणि दिसूं लागते तेव्हां बहुधा गाडीखालीं काळें थारोळें सांचलेलें असतें. माझाही प्रकार याहून निराळा नव्हता. परंतु गेल्या उन्हाळ्यांत, सुमारें दोन महिने, दर शनिवार-रविवारीं ठाण्याहून लोकलनें कल्याण-डोंबिवलीस जाऊन मीं चार लहानशा नळ्यांचें काम पाहिलें, आणि त्यांतलें थोडें स्वतःच्या हातांनीं केलेंही. ही हकीकत आपल्या शाळेच्या बालमित्रांस व त्यांच्या वडीलमंडळींस कदाचित् आवडेल, म्हणून येथें देत आहें.

गाडी माझ्या मामांची. कल्याणास पारनाक्याजवळ त्यांचा जुना वाडा आहे, व त्याच्या पडवींत ही गाडी उभी असे. तिचें नांव एम. जी. टी. सी. ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या पेढीच्या आद्याक्षरांवरून एम. जी. हें नांव पडलें. दुसरें महायुद्ध संपतांच, १९४५ सालीं, इंग्लंडांतील अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यानें ही दोन आसनांची गाडी काढली, आणि १९४९ पर्यंत तशा सुमारें दहा हजार गाड्या बनविल्या. सायकलीप्रमाणें तारांच्या आऱ्यांचीं उंच चाकें, लांब नाक, लांकडी सांगाड्यावर ठोकलेला पत्रा, आणि १२५० घनसेंटिमीटरांचें चार नळकांड्यांचें इंजिन. आजच्या साध्या संसारी गाडीचें इंजिनही जवळजवळ एवढेंच असतें. मामांनीं ती १९७१ सालीं मुंबईंत जुनी म्हणून विकत घेतली. तींत बसून मामा-मामी मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जात, आणि घाट चढून गेल्यावर मामी गाडीस हळदकुंकू वाहत, असें आई सांगते. मामी गेल्या, आणि पुढें नऊ वर्षें गाडी जागची हलली नाहीं.

या नऊ वर्षांत वाड्याचे वासे मात्र कुजत आले. गेल्या पावसाळ्यांत माजघरांत तीन ठिकाणीं भांडीं ठेवावीं लागलीं. छपराच्या कामाचा आंकडा सुताराकडून आला तो मामांच्या पेन्शनीच्या बाहेरचा होता. अशा वेळीं मुंबईच्या एका हौशी गृहस्थांनीं गाडीला चांगली किंमत देऊं केली. त्यांची अट एकच : इंजिन चालूं होऊन त्याचा आवाज ऐकावयास मिळाला पाहिजे. रविवारचा दिवस ठरला, नवी बॅटरी आली, आणि मामांनीं डोंबिवलीहून आपल्या जुन्या मिस्त्रींना बोलावून घेतलें.

या मिस्त्रींविषयीं चार शब्द लिहिले पाहिजेत. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ते तरुणपणीं उमेदवार म्हणून लागले. ज्या फियाट गाडीला पुढें पद्मिनी हें नांव मिळालें तिच्यावर त्यांचा हात बसला. मुंबईंतील पद्मिनी टॅक्सींपैकीं शेवटची २००३ सालीं नोंदली गेली होती. तिची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरांत संपली, तेव्हां मिस्त्रींनीं वर्तमानपत्रांतलें तिचें छायाचित्र कापून गॅरेजच्या भिंतीला चिकटविलें. कल्याण-शीळ रस्त्यावरही त्याच कंपनीचा कारखाना होता. तेथें १९९४ पासून थोडीं वर्षें प्यूजो ही फ्रेंच बनावटीची गाडी तयार होत असे. आज तो कारखानाही नाहीं. मिस्त्रींचें स्वतःचें गॅरेज म्हणजे डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला असलेली एक पत्र्याची शेड, आंत एक लेथ, एक भट्टी आणि पुष्कळसे डबे. हाताखालीं पोरगा नाहीं. येतात ते दोन महिन्यांत मोबाइलच्या दुकानांत जातात.

तर त्या रविवारीं गिऱ्हाईक आलें. त्यांच्याबरोबरचा माणूस म्हणाला कीं, बटण दाबा, एका मिनिटाचें काम. मिस्त्री गाडीखालून बाहेर आले, हात पुसले, आणि मामांना म्हणाले, "साहेब, आज इंजिन लावायचें नाहीं."

"कां बरें? उभी केली तेव्हां तर तेलाचा कांटा साठावर होता," मामा म्हणाले.

"असेल. कांटा दाब सांगतो. तेल कोठें पोंचलें तें सांगत नाहीं."

हें वाक्य मला त्या दिवशीं नीट समजलें नाहीं. इंजिनाच्या तळाशीं पन्हळासारखें एक पात्र असतें. त्यांत सुमारें पांच लिटर तेल मावतें. दांत्यांच्या दोन चाकांचा पंप तें तेल उचलतो, नळीवाटे गाळणींत ढकलतो, गाळणींतून दुसऱ्या नळीवाटे तें परत इंजिनाच्या अंगांत येतें, व तेथील मोठ्या पाटांतून फिरत्या दांड्याच्या बेअरिंगांना मिळतें. त्या बेअरिंगांवर पांढऱ्या मऊ धातूचा पातळ थर असतो. दांडा त्या धातूवर टेकतच नाहीं, तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. पापुद्रा फाटला कीं थोड्याच वेळांत धातू वितळतो. टी. सी. च्या इंजिनांत आणखी एक बारीक नळी इंजिनाच्या बाहेरून, मागच्या बाजूनें, वर माथ्यावर जाते. झडपा उघडणाऱ्या लिव्हरांना तेल मिळतें तें हिच्याच द्वारें. चौथी नळी चालकासमोरच्या घड्याळाकडे जाते, आणि कांटा हलतो तो तिच्यांतल्या तेलाच्या दाबानें. आतां बागेंतल्या नळाच्या तोंडावर आंगठा धरून पाहा. पाणी थांबतें, पण आंगठ्यामागचा दाब कमी होत नाहीं, उलट वाढतो. तसेंच येथें. माथ्याकडे जाणारी नळी बुजली तरी कांटा साठावर राहणार, किंबहुना थोडा वरच जाणार.

मिस्त्रींनीं तेथल्या तेथें ती बारीक नळी सोडवून एका टोंकाला तोंड लावलें आणि फुंकर मारली. दुसऱ्या टोंकाशीं मामांनीं तळहात धरला होता. वारा आला नाहीं. मग झांकण काढून पाहिलें तों लिव्हरांचा दांडा कोरडा, आणि त्यावर बोटाला लागतील अशा खांचा. म्हणजे गाडी शेवटच्या दिवसांत धांवत होती तेव्हांच माथा उपाशी होता, आणि समोरचें घड्याळ सगळें ठीक म्हणून सांगत होतें. गिऱ्हाइकाचा मनुष्य तरीही म्हणाला, एक मिनिट लावल्यानें काय बिघडतें? मामा बराच वेळ बोलले नाहींत. त्यांची नजर एकदां आढ्याकडे गेली हें मीं पाहिलें. मग त्यांनीं सांगितलें, "मिस्त्री म्हणतात तसें." गृहस्थ सभ्य होते; दोन महिने थांबूं म्हणाले, मात्र तोंवर किंमत तीच राहील असें वचन त्यांनीं दिलें नाहीं.

काम सुरू झालें तेव्हां पहिली अडचण पान्यांची. या इंजिनाच्या बोल्टांना आटे मेट्रिक, आणि डोकीं मात्र इंग्रजी व्हिटवर्थ मापाचीं! यामागें एक मौज आहे. हॉटकिस ही फ्रान्समधील तोफा-बंदुकांची पेढी. पहिल्या महायुद्धाच्या काळांत तिनें इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें कारखाना घातला, व युद्ध संपल्यावर तेथें मोटारींचीं इंजिनें होऊं लागलीं. १९२३ सालीं मॉरिसनें तो कारखाना विकत घेतला. यंत्रें फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरांचे. आणि पाने इंग्रज कारागिरांच्या पेटींतले, म्हणून डोकीं त्यांच्या मापाचीं. ही जोडी पुढें कित्येक वर्षें तशीच चालली. चोरबाजारांत दोन रविवार हिंडून मीं व्हिटवर्थ पान्यांचा अर्धा संच मिळविला. उरलेले दोन पाने मिस्त्रींनीं स्वतः घासून तयार केले.

जुन्या नळ्या तांब्याच्या होत्या. पूर्वीं कोणीं तरी बसविलेल्या, आणि एका ठिकाणीं कथलाचा डाग देऊन सांधलेल्या. त्या डागावर मिस्त्रींचा भारी राग. कथील मऊ आणि लवकर वितळणारें. इंजिनाच्या थरथरीपुढें व गरम तेलापुढें त्याचा भरंवसा काय? त्यांनीं जाड काठाची नवी तांब्याची नळी आणली आणि सांध्यांना चांदीमिश्रित झाळ दिला. नळीच्या टोंकाला कड्यासारखा जो भाग असतो त्याला बँजो म्हणतात. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकींत वाजतो तो बेंजो नव्हे; अमेरिकेंतील वाटोळ्या तोंडाच्या तंतुवाद्याच्या आकारावरून तें नांव आलें. त्या कड्यांतून पोकळ बोल्ट जातो आणि दोहों बाजूंस तांब्याचे वायसर बसतात.

तांब्याचा एक गुण मला येथें प्रथम कळला. पोलाद लाल करून पाण्यांत बुडविलें तर तें कठीण होतें, हें आपण लोहाराकडे पाहतों. तांबें लाल करून पाण्यांत बुडविलें तर तें मऊ होतें! तें कठीण होतें तें ठोकल्यानें, वांकविल्यानें आणि थरथरीनें. पुण्याच्या तांबट आळींत हंडा ठोकतां ठोकतां पुन्हां भट्टींत घालतात तो याचसाठीं. वर्षानुवर्षें थरथरत राहिलेली नळी अशीच आंतून कडक होते आणि एके दिवशीं तडकते. म्हणून मिस्त्रींनीं प्रत्येक नळी व प्रत्येक वायसर बसविण्यापूर्वीं भट्टींत मऊ करून घेतला, आणि लांब नळीला मध्यें पट्टीचा आधार दिला. पूर्वीं तो नव्हता.

नळी वांकवितांना ती चेपूं नये म्हणून आंत कांहीं तरी भरावें लागतें. वाळू सर्वांत सोयीची. पण वाळूचें नांव काढतांच मिस्त्रींनीं हात जोडले. एक कण आंत राहिला तर तो तेलाबरोबर थेट बेअरिंगांत जाईल आणि पांढऱ्या धातूंत रुतून दांडा कोरीत बसेल. म्हणून राळ वितळवून ओतली, थंड झाल्यावर नळी तारेच्या नमुन्याबरहुकूम गुडघ्यावर हळूहळू वांकविली, पुन्हां तापवून राळ ओतून दिली. मग धुणें. टर्पेंटाइननें, मग रॉकेलनें, मग फडक्याचा बोळा दोऱ्यानें ओढून. हें धुण्याचें काम माझ्याकडे होतें. बोळा पांढरा निघेपर्यंत ओढावयाचा असा हुकूम. पहिल्या नळीला एकवीस बोळे लागले. कंटाळा आला हें कबूल करण्यास हरकत नाहीं, परंतु सबंध कामांत याहून महत्त्वाचा भाग दुसरा नव्हता असें मला आजही वाटतें. शेवटीं एक टोंक बंद करून दुसऱ्याला पायपंप लावला, ऐंशी पौंडांपर्यंत हवा भरली, आणि नळी बादलींत बुडविली. सायकलीच्या ट्यूबचें पंक्चर शोधतात अगदीं तसें. एका सांध्याशीं मोहरीएवढे बुडबुडे आले. तो सांधा मिस्त्रींनीं पुन्हां केला, तोंडांतून अक्षर न काढतां.

घड्याळाकडे जाणाऱ्या नळींत रबराचा एक तुकडा असतो, इंजिनाचे हिसके चालकासमोरच्या फळीपर्यंत पोंचूं नयेत म्हणून. तो बाहेरून धडधाकट दिसे. उभा चिरला तों आंतलें रबर भुसभुशीत. फुटला असता तर पात्रांतलें सगळें तेल रस्त्यावर गेलें असतें. तोही बदलला.

मे महिन्याच्या अखेरीस गृहस्थ पुन्हां आले. या इंजिनाचा पंप पात्रांतल्या तेलाच्या वर बसतो, म्हणून फार दिवस उभें राहिलें कीं तो रिकामा होतो आणि नुसताच फिरतो. मिस्त्रींनीं आधीं पंपांत तेल भरलें, ठिणगीचे चारही प्लग काढले, आणि पुढून हँडल घालून इंजिन हातानें फिरविलें. मामा आसनावर बसून कांट्याकडे पाहत होते. पंधरा फेरे झाले, वीस झाले. मिस्त्री दमले, मग मीं हँडल घेतलें. कांटा किंचित् हलला. त्यावर मिस्त्रींनीं घड्याळाकडे पाहिलें देखील नाहीं. झांकण उघडें होतें, ते लिव्हरांकडे वांकून पाहत राहिले. थोड्या वेळानें पहिल्या लिव्हराच्या कडेला तेलाचा थेंब फुगला, मग दुसऱ्या, मग ओळीनें सगळ्यांच्या. "आतां लावा," ते म्हणाले.

इंजिन तिसऱ्या खेपेस लागलें. गरम झाल्यावर कांटा पन्नासाच्या जरा खालीं स्थिरावला, म्हणजे पूर्वींहून कमी. आणि मामांना तें कमी असणेंच बरें वाटलें. गृहस्थांनीं किंमतींतून थोडी रक्कम वजा केली. मामांनीं घासाघीस केली नाहीं, फक्त गाडी दिवाणखान्यांत ठेवणार कीं चालविणार एवढें विचारलें, आणि फार दिवस उभी राहिली तर आधीं हातानें फिरवून मग बटण दाबण्याची आठवण एका कागदावर लिहून दिली. गाडी दुर्गाडीच्या बाजूनें गेली. मामा कोपऱ्यापर्यंत चालत गेले होते. परत आल्यावर पडवी झाडून घेतली.

तारेचे चारही नमुने मिस्त्रींच्या शेडमध्यें एका खिळ्याला टांगलेले आहेत, पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून. पाऊस आला तेव्हां माजघरावरचीं कौलें बसून झालीं होतीं; स्वयंपाकघरावरचें काम मात्र अजून व्हावयाचें आहे.