दीड पेनीचं साप्ताहिक आणि एक रुंद रस्ता

एडिंबरा शहरातून बंदराकडे उतरणाऱ्या लीथ वॉकवर आता ट्राम धावते. १८१९ साली एकोणीस वर्षांच्या विल्यम चेंबर्सनं याच रस्त्यावर पुस्तकं विकायला मांडली. पुढे तीन पौंडांत छपाईचं एक जुनाट हातयंत्र मिळालं, त्यावर त्यानं कवी बर्न्सच्या गीतांच्या ७५० प्रती काढल्या. अक्षरांचे झिजलेले खिळे इतके थोडे, की आठ पानं जुळवायची, छापायची, खिळे सोडवायचे, मग पुढची आठ. मोठ्या मथळ्यांची अक्षरं त्यानं लाकडात स्वतः कोरली.

त्याआधीच्या उमेदवारीत त्याला आठवड्याला चार शिलिंग मिळत. पहाटे पाचला तो एका भटारखान्याच्या तळघरात जाई आणि मेणबत्तीच्या उजेडात कणीक मळणाऱ्यांना कादंबऱ्या वाचून दाखवी. मोबदला एक गरम पाव. कष्टकऱ्यांनाही वाचनाची भूक असते, हे त्याला तिथेच उमगलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

४ फेब्रुवारी १८३२ ला त्याचं साप्ताहिक निघालं, किंमत दीड पेनी. धाकटा भाऊ रॉबर्ट लवकरच सोबतीला आला. आपल्याकडच्या घरांत दिसणारा चेंबर्सचा जाडजूड इंग्रजी कोश याच दोघांच्या संस्थेचा.

त्यांचा छापखाना हाय स्ट्रीटलगतच्या वॉरिस्टन्स क्लोज या बोळात होता. तो उतरताना दोन्हीकडच्या भिंती अंगावर येतात. जवळच्याच पेस्ली क्लोजच्या कमानीवर एका मुलाचा चेहरा कोरला आहे. २४ नोव्हेंबर १८६१ च्या रात्री इथली इमारत कोसळून ३५ माणसं दगावली. ढिगाऱ्याखालून हाक देऊन वाचला, तो हा मुलगा. १८६५ मध्ये डॉ. हेन्री लिटलजॉन यांच्या अहवालानं अशा बोळांतल्या वस्त्यांतली रोगराई उघड केली. त्याच वर्षी चेंबर्स लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे महापौर झाले. दाट वस्ती पाडून उजेड-वारा आणायचा, असा सुधारणा कायदा त्यांच्या पुढाकारानं १८६७ मध्ये झाला.

त्यातूनच आखलेल्या चेंबर्स स्ट्रीटवर राष्ट्रीय संग्रहालयासमोर त्यांचा पुतळा आहे. रस्ता ऐसपैस, ऊन थेट फरसबंदीपर्यंत पोचतं. पण मोकळ्या केलेल्या बोळांतल्या अनेक गरिबांना नव्या घरांचं भाडं झेपलं नाही. ते शेजारच्याच कोंदट खोल्यांत शिरले. साप्ताहिकाची किंमत ठरवताना चेंबर्सनी गरिबाचा खिसा पाहिला होता. घरांच्या बाबतीत शहरानं तो पाहिला नाही.