तारांची झाकपाक

मत्स्यपेटी ही मूळची विजेवाचून जगणारी वस्तू. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्या काळी कल्पना अशी होती की पाणवनस्पतींनी प्राणवायू द्यावा, गोगलगाईंनी शेवाळ खावे आणि काचेच्या चार भिंतींत एक तळे आपल्या बळावर जगावे. आज ते तळे भिंतीतल्या सॉकेटवर जगते. शहापूरच्या आमच्या घरातील तीन फुटी टाकीला दिवा, त्याचा टायमर, फिल्टर, एअरपंप आणि थंडीपुरता हीटर अशी पाच उपकरणे आहेत. शिवाय, २००५ नंतरच्या ज्या वर्षांत ग्रामीण भागात तासन्‌तास भारनियमन असे, तेव्हा घेतलेला बॅटरीवरचा पंप आहे तो निराळाच. या साऱ्यांच्या तारा टाकीमागे अशा लोंबत की मासे पाहायला आलेला माणूस आधी तारा पाही. म्हणून टाकीखाली कपाट करून घ्यायचे ठरले.

आम्हा दोघांपैकी एकाला सारे काही दृष्टीआड हवे होते, दुसरीला ते पटत नव्हते. हा वाद साहित्याच्या वर्गातला जुनाच. कारागिरी दिसावी की दिसू नये? वर्गात तो तासाच्या घंटेबरोबर संपतो. येथे सुताराला माप द्यायचे होते.

काम मुरबाडच्या एका सुतारकाकांकडे दिले. आमच्यापैकी एकीचे महाविद्यालय तिकडे, त्यामुळे येता-जाता काम पाहता येई. सागाच्या रानात राहूनही साग परवडत नाही, म्हणून चौकट तेवढी सागाची आणि बाकी १९ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय. काकांनी पहिला प्रश्न वजनाचा केला. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, काच आणि वाळू धरली तर दोनशेच्या घरात. तेवढा भार दारांवर आणि पातळ पाठीवर येता कामा नये, तो उभ्या फळ्यांवरून थेट जमिनीत उतरला पाहिजे.

खरी अडचण पुढे होती. बाहेरचा फिल्टर टाकीच्या खालीच लागतो, कारण त्यात पाणी आपल्या वजनाने उतरते. एअरपंपाचे नेमके उलट. तो पाण्याच्या पातळीखाली ठेवला आणि वीज गेली, तर हवेच्या नळीतून पाणी मागे ओढले जाते आणि वक्रनळीच्या न्यायाने खाली उतरत राहते, थेट पंपात आणि शेजारच्या तारांवर. म्हणजे जे लपवायचे तेच लपवल्याने धोक्यात येणार. नळीत एकेरी झडप बसवता येते, पण झडपेवर सर्वस्वी विसंबणे आम्हाला रुचेना. शेवटी टाकीच्या बाजूला एक अरुंद उभा कप्पा वरपर्यंत नेला आणि पंप तेथे, पाण्याच्या वर बसवला. एक्स्टेंशन बोर्ड तळाशी न ठेवता आतल्या भिंतीवर उंच ठोकला. प्रत्येक तार बोर्डाच्या खाली झोळ घेऊन मग वर जाते, म्हणजे ओघळणारा थेंब झोळाच्या टोकाशी गळतो, प्लगपर्यंत चढत नाही. मुख्य जोडणीवर ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारे स्वयंचलित बटणही बसवून घेतले.

मागची बाजू बंद करावी, हा आमच्यातला एक आग्रह काकांनी मोडून काढला. "सर, मागून बंद केलंत तर आत भट्टी होईल. आणि तार जळाली तर हात कुठून घालणार?" पाठ अर्धी उघडी राहिली.

झाकपाक हा शब्द आपल्याकडे स्वयंपाकघरातला. रात्रीची जेवणे झाली की उरलेसुरले झाकायचे, ओटा पुसायचा. त्यात लपवाछपवी नसते. सकाळी उघडायचे असते म्हणूनच झाकायचे. काकांच्या डोक्यात कपाटाची हीच कल्पना होती, आमच्या डोक्यात ती उशिरा आली.

मुंबईचे पाहुणे आले की म्हणतात, "किती छान, काहीच दिसत नाही!" त्यांच्या घरातही पाण्याचे असेच असते. तोटी फिरवली की पाणी, मागचे काही दिसत नाही. ते मागचे बरेचसे आमच्या तालुक्यात आहे. १८९२चे तानसा धरण, १९५७चा मोडकसागर, आणि मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्याने उचलणारे भातसा. मे महिन्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर जातात आणि बाया हंड्यांची रांग लावून त्यांची वाट पाहतात. आमचा तालुका म्हणजे त्या महानगराच्या टाकीखालचे कपाट, ही उपमा कुणाला ओढूनताणून आणलेली वाटेल. टँकरच्या मागे गाडी अडकली असताना ती सुचली, एवढेच तिच्या बाजूने सांगता येईल. आमच्याकडे शिकणाऱ्या कितीतरी मुली त्या रांगेतून वर्गात येतात. असो.

आम्ही दोघेही दिवसभर घराबाहेर असतो, मुरबाडहून परतायला संध्याकाळ होते. घराची किल्ली शेजारच्या घरी असते. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस आता एक कागद चिकटवला आहे आणि प्रत्येक तारेला चिकटपट्टीवर मराठीत नाव दिले आहे: दिवा, फिल्टर, हवा, ऊब. कागदावर सर्वांत वर ठळक अक्षरांत लिहिले आहे, 'वीज गेल्यास आधी बॅटरीचा पंप लावणे.' शेजारची आठवीतली मुलगी हे आमच्यापेक्षा चपळाईने करते. दाराला कुलूप ठेवलेले नाही.